काउंटी वर्गातील क्रूझर जहाजे: दोष चिलखतात होता का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 5 एप्रिल 1942 रोजी सिलोनच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर या दोन ब्रिटिश जड क्रूझर जपानी विमानांनी काही मिनिटांत बुडवल्या, त्या ज्या काउंटी वर्गातल्या होत्या त्या वर्गाला 'पत्र्याची जहाजे' म्हणून हिणवले जाई, तेव्हा या जहाजांची रचनाच मुळात फसलेली होती आणि चिलखतावर केलेली काटकसर खलाशांच्या जिवावर बेतली, असे म्हणता येईल का? माझी नोकरीची सगळी वर्षे जहाजांच्या सांगाड्याची आणि वजनाची गणिते करण्यात गेली, त्यामुळे मी या प्रश्नाकडे वजनाच्या हिशेबातूनच पाहू शकतो. त्या हिशेबाने पाहिले तर चिलखत तुटपुंजे होते हे खरे आहे, परंतु त्या दुपारी जे घडले ते चिलखताने टळले नसते, आणि या वर्गाचे खरे दोष लोक सहसा पाहतच नाहीत अशा दोन-तीन जागी आहेत.

सुरुवात नौदलांच्या वाढीला लगाम घालणाऱ्या 1922 च्या वॉशिंग्टन करारापासून करावी लागते. या कराराने क्रूझरसाठी 10,000 टन प्रमाण विस्थापन (म्हणजे करारासाठी मोजायचे जहाजाचे वजन) आणि 8 इंची तोफा ही कमाल मर्यादा ठरवली. हे आकडे कोणी शास्त्र मांडून काढलेले नव्हते. ब्रिटनची हॉकिन्स वर्गातली जहाजे तेव्हा नुकतीच बांधून होत होती. ती पावणेदहा हजार टनांच्या आसपास होती, त्यांच्यावर 7.5 इंची तोफा होत्या, आणि ती मोडीत काढायची ब्रिटनची तयारी नव्हती. ती सुखरूप बसतील अशी चौकट आखली गेली आणि मग प्रत्येक देशाने चौकटीच्या काठापर्यंत जहाजे बांधायला घेतली. कमाल मर्यादा हीच किमान गरज होऊन बसते, हे कंत्राटांच्या जगात वावरणाऱ्या कोणालाही नवीन वाटणार नाही.

करारातली कळीची गोष्ट 'प्रमाण विस्थापन' या शब्दांत आहे. त्यात दारूगोळा, अन्न, माणसे, सारे धरले जाते, पण इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी धरले जात नाही. इंधन हिशेबाबाहेर राहावे यात ब्रिटनचा स्वार्थ उघड होता. ज्या आरमाराला सिंगापूरपासून फॉकलंडपर्यंतचे व्यापारी मार्ग राखायचे होते, त्याला तेलाच्या टाक्या हव्या होत्या आणि त्या टाक्या कराराच्या तराजूत न तोलता मिळाल्या. काउंटी वर्गातील जहाजांत सुमारे 3,400 टन तेल मावत असे आणि 12 नॉटच्या सावकाश वेगाने ती 13,000 सागरी मैलांच्या आसपास जाऊ शकत. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण या जहाजांनी युद्धात जे काही कमावले त्याचा बराचसा भाग या टाक्यांतून आलेला आहे.

रचना सर युस्टेस टेनिसन द'एनकोर्ट यांच्या कारकिर्दीत झाली. 1924 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने पाच जहाजांना मंजुरी दिली; बर्विक, कॉर्नवॉल, कम्बरलंड, केंट आणि सफोक ही ती पाच, आणि ऑस्ट्रेलियाने आपल्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि कॅनबेरा अशी दोन मागवली; हा सात जहाजांचा केंट गट. त्यानंतर लंडन गटातली चार, म्हणजे लंडन, डेव्हनशायर, श्रॉपशायर आणि ससेक्स, आणि शेवटी नॉरफोक आणि डॉर्सेटशायर अशी एकूण तेरा जहाजे झाली. सरे आणि नॉर्थम्बरलंड ही आणखी दोन 1930 मध्ये रद्द झाली, आणि त्याच वर्षीच्या लंडन कराराने जड क्रूझरची संख्याच बांधून टाकली.

आता हिशेब पाहू. 630 फूट लांबीचे जहाज, चार प्रॉपेलर, आठ बॉयलर, 80,000 अश्वशक्ती, साडेएकतीस नॉट वेग, चार बुरुजांत आठ 8 इंची तोफा, आठ पाणतीरनळ्या (टॉर्पेडो सोडायच्या नळ्या). हे सगळे 10,000 टनांत मांडल्यावर उरेल तेवढे चिलखत. ते दारूगोळ्याच्या कोठारांभोवती पेटीसारखे लावले, बाजूंना साधारण 4 इंच. यंत्रघरांच्या बाजूंना मात्र 1 इंच पोलाद आणि वर दीड इंचाहूनही पातळ डेक. बुरूजसुद्धा 1 इंचाचेच. याचा अर्थ असा की गोळा यंत्रांत शिरला तर जहाज थांबेल, पण कोठार उडून एका क्षणात नाहीसे होणार नाही. 1916 च्या जटलंडच्या लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोटाने फुटलेल्या ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांनी हा क्रम लावणे स्वाभाविक होते. त्या काळातली फ्रेंच द्युकेन किंवा इटालियन त्रेंतो पाहिली तर पहिल्या पिढीतली सगळीच जहाजे अशी पातळ कातडीची होती. पुढे ज्यांनी जाड चिलखत चढवले त्यांतल्या अनेकांनी ते मर्यादा ओलांडून चढवले. इटलीची झारा साडेअकरा हजार टनांच्या पुढे गेली, जर्मनीची हिपर 14,000 टनांच्या घरात पोहोचली, आणि जपानी जहाजे तर कागदावर एक आणि पाण्यात दुसरीच होती. केंट गटातली सातही जहाजे 9,750 ते 9,900 टनांच्या दरम्यान उतरली. प्रामाणिक माणसाच्या जेवणाची तुलना उधारीवर जेवणाऱ्याच्या ताटाशी करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

या जहाजांची उंच कड अनेकांना बोजड वाटते. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एकच सलग डेक आणि पाण्यापासून तो बराच उंच, यामुळे लांबून ती युद्धनौकेपेक्षा प्रवासी बोटीसारखी दिसत. मला मात्र या रचनेतला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच वाटतो. जहाज लाटेवर चढते तेव्हा ते दोन टोकांना लोंबकळणाऱ्या तुळईसारखे वाकते, आणि तुळई जितकी खोल तितकी कमी पोलादात ती ताठ राहते. घर बांधणारा सुतारही तुळई उभी ठेवतो, आडवी ठेवत नाही, ते याच कारणाने. उंच कडेमुळे सांगाडा हलका राहिला, उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रातही वेग टिकला, आणि उष्ण प्रदेशात खलाशांना मोकळी हवा मिळाली. चीनच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे ही जहाजे राहिली, तिथे या हवेची किंमत कळत असे.

तोफांच्या बुरुजांविषयी मी इतका उदार होणार नाही. ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने, मागणी केली की 8 इंची तोफा 70 अंशांपर्यंत उचलल्या जाव्यात, म्हणजे त्या विमानांवरही चालतील. अडीचशे पौंडांहून जड गोळा, सावकाश वळणारा बुरूज, आणि आकाशातले वेगवान विमान! कल्पना ऐकायला छान होती, पण तिच्यापायी बुरुजांची यंत्रणा किचकट आणि अपेक्षेपेक्षा जड झाली, आणि पहिली काही वर्षे ती सतत अडत राहिली. गोळाबारीच्या ज्या वेगाची अपेक्षा होती तो प्रत्यक्षात गाठता आला नाही. जे वजन आणि जी वर्षे या हट्टात गेली ती खऱ्या विमानविरोधी तोफांना मिळायला हवी होती. मूळ रचनेत त्या फक्त चार सुट्या 4 इंची तोफा आणि काही लहान तोफा एवढ्याच होत्या. हा पहिला खरा दोष.

धुरांड्यांची गोष्ट किरकोळ आहे, पण कागदावरचे जहाज आणि पाण्यातले जहाज यांतला फरक दाखवणारी आहे. केंट गटाची तीन धुरांडी आधी ठेंगणी होती. समुद्रावर गेल्यावर धूर मागच्या नियंत्रण कक्षावर येऊ लागला, तेव्हा ती 15 फुटांनी वाढवावी लागली, आणि ऑस्ट्रेलियाच्या दोन जहाजांवर तर 18 फुटांनी.

1935 नंतर केंट गटाची दुरुस्ती झाली, तेव्हा यंत्रघरांच्या बाजूंना 6 फूट रुंदीचा साडेचार इंची पोलादी पट्टा चढवला गेला, विमानांसाठी हँगर आला, 4 इंची तोफा वाढल्या. कम्बरलंड आणि सफोक यांचा मागचा डेक एक मजला कापून वजन वाचवले गेले. हे कापणे अवघड वाटते, पण टोकांकडे वाकण्याचा ताण कमी असतो, म्हणून तिथला मजला गेला तरी तुळई दुबळी होत नाही. आधीच्या रचनाकारांनी थोडी शिल्लक ठेवली होती आणि नंतरच्यांनी ती जपून खर्च केली, असे हे उत्तम काम होते.

लंडनच्या बाबतीत मात्र ती शिल्लक उधळली गेली. 1939 ते 1941 या काळात तिची वरची सगळी बांधणी उतरवून नवी चढवली. तीनऐवजी दोन उभी धुरांडी, कप्तानाचा नवा मोठा नियंत्रण मनोरा (ब्रिज), हँगर. आपल्या नौदलातली जुनी आय.एन.एस. मैसूर ज्यांनी छायाचित्रात तरी पाहिली असेल त्यांना पुनर्बांधणीनंतरची लंडन ओळखीची वाटेल, कारण मैसूर ज्या वर्गातली होती त्याच घाटणीचे रूप लंडनला दिले गेले होते. पण मधल्या भागावर चढलेले हे वजन सांगाड्याला पेलले नाही. वरच्या डेकला तडे गेले. ते मजबूत केल्यावर ताण खाली सरकला आणि तळाकडचे रिव्हेट सैल होऊन पाणी झिरपू लागले. मला यात जराही आश्चर्य वाटत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या मालवाहू जहाजाच्या हॅचच्या कोपऱ्यात बोटभर तडा सापडला होता. आम्ही त्यावर जाड पोलादी पट्टी बसवली, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. पुढच्या वेळी जहाज गोदीत आले तेव्हा मूळ तडा जिथल्या तिथे शांत होता आणि पट्टी जिथे संपत होती त्याच्या बरोबर पुढे नवा तडा सुरू झाला होता. ताण नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. लंडनचे काम पाहून बाकीच्या जहाजांची अशी पुनर्बांधणी झालीच नाही.

आता सेवेकडे येऊ. डिसेंबर 1939 मध्ये प्लेट नदीच्या मुखाजवळ एक्झेटर, अजॅक्स आणि अकिलीस या क्रूझरनी ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला गाठले, तेव्हा कम्बरलंड फॉकलंडमध्ये दुरुस्तीत होती. बातमी कळताच ती निघाली आणि सुमारे 34 तासांत जखमी एक्झेटरची जागा घ्यायला पोहोचली. तीन दिवसांनी ग्राफ श्पे तिच्याच माणसांनी बुडवली. (यातली अकिलीस 1948 मध्ये भारताने घेतली आणि ती आय.एन.एस. दिल्ली झाली, ती हलकी क्रूझर होती, काउंटी वर्गातली नव्हे, ही गल्लत अनेकदा होते.) हिंदी महासागरात 8 मे 1941 रोजी कॉर्नवॉलने पिंग्विन ही व्यापारी वेषातली जर्मन लुटारू नौका बुडवली, त्याच वर्षी नोव्हेंबरात डेव्हनशायरने दक्षिण अटलांटिकमध्ये तशाच अटलांटिस या नौकेला संपवले. अफाट पाण्यात एकेकट्याने फिरून असली शिकार शोधणे हेच या जहाजांचे मूळ काम होते, आणि ते त्यांनी केले.

परंतु या वर्गाची खरी परीक्षा मे 1941 मध्ये ग्रीनलंड आणि आइसलँड यांच्यामधल्या डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत झाली. 23 मे रोजी संध्याकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सफोकवरच्या टेहळ्याला सुमारे सात मैलांवर बिस्मार्क ही जर्मन महायुद्धनौका दिसली. सफोकने ताबडतोब धुक्यात दडी मारली आणि मग रडारने माग धरला. नॉरफोक मात्र धुक्यातून चुकून अगदी समोर बाहेर आली आणि बिस्मार्कच्या 15 इंची गोळ्यांमधून निसटून परत धुक्यात शिरली. त्या तोफांच्या हादऱ्याने बिस्मार्कचे स्वतःचेच पुढचे रडार बंद पडले, हा दैवयोग. यानंतर 25 मेच्या पहाटे माग सुटेपर्यंत एकतीस तासांहून अधिक काळ, बर्फाच्या सरी, धुके आणि उसळत्या समुद्रात, तीस नॉटच्या आसपास पळणाऱ्या शत्रूच्या मागे ही जहाजे चिकटून होती. मध्येच हूड ही ब्रिटिश बॅटलक्रूझर डोळ्यांदेखत फुटली. अशा वेळी साडेचार इंची पट्टा असला काय आणि नसला काय, बिस्मार्कचा एकच गोळा पुरे होता. कामाला आली ती उंच कड आणि तेलाच्या टाक्या. प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या मोठ्या ब्रिटिश युद्धनौका तेल संपत आल्याने माघारी फिरल्या, सफोकलाही शेवटी तेच करावे लागले, पण नॉरफोक तळाला लागलेल्या टाक्यांनिशी 27 मेच्या अंतिम लढाईपर्यंत टिकली. डॉर्सेटशायर दूर दक्षिणेला एका काफिल्याबरोबर होती. तिचा कप्तान मार्टिन याने हुकमाची वाट न पाहता काफिला सोडला आणि सहाशेच्या आसपास मैल तोडून तो वेळेवर पोहोचला. बिस्मार्कवर शेवटचे पाणतीर डॉर्सेटशायरचेच होते. बुडणाऱ्यांपैकी ऐंशीहून अधिक माणसे तिने वर घेतली आणि पाणबुडीचा संशय येताच उरलेल्यांना पाण्यात सोडून ती निघून गेली. त्या निर्णयावर आजही वाद होतात.

सुमारे दहा महिन्यांनी हीच डॉर्सेटशायर, आता कप्तान एगर यांच्या हाताखाली, कॉर्नवॉलसह कोलंबोहून ॲडमिरल सॉमरव्हिल यांच्या ताफ्याला मिळायला निघाली होती. 5 एप्रिल, ईस्टरचा रविवार, स्वच्छ आकाश, डोक्यावर स्वतःचे एकही विमान नाही. दुपारी जपानी ॲडमिरल नागुमो यांच्या विमानवाहू नौकांवरून आलेली पन्नासहून अधिक सूर मारणारी बाँबफेकी विमाने सूर्याच्या दिशेने, पुढच्या बाजूने उतरली, म्हणजे जिथे या जहाजांच्या विमानविरोधी तोफा जेमतेम पोहोचत. डॉर्सेटशायर सुमारे आठ मिनिटांत गेली, कॉर्नवॉल तिच्यामागोमाग. 424 माणसे मृत्युमुखी पडली. 1,122 जण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रिटिश क्रूझर एंटरप्राइझ आणि दोन विनाशिका येईपर्यंत तीसएक तास तेलकट पाण्यात तरंगत होते.

इथे आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. कॉर्नवॉलला 1936-37 मध्ये साडेचार इंची पट्टा मिळाला होता. डॉर्सेटशायरला तो कधीच मिळाला नाही. एकच शत्रू, एकच वेळ, एकाच जातीचे बाँब, आणि दोन्ही जहाजांचा शेवट जवळजवळ सारखाच. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडला असता तर याहून स्वच्छ प्रयोग हाती आला नसता. पट्टा बाजूने येणाऱ्या गोळ्यासाठी असतो. वरून डेक फोडून आत फुटणाऱ्या नऊ-दहा बाँबना तो आडवा येत नाही. त्या दुपारी कमी पडले ते वरचे विमानांचे छत्र आणि जहाजावरच्या विमानविरोधी तोफा.

दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर दोष कॅनबेराच्या मृत्यूत दिसतो. या वर्गात बॉयलरघरे लागोपाठ पुढे आणि इंजिनघरे लागोपाठ मागे होती. एकाच ठिकाणी नेमका घाव बसला की सगळी वाफ एकदम जाते. वाफ गेली की वीज जाते, आणि वीज गेली की बुरूज, पंप, प्रकाश, सगळेच. बॉयलर आणि इंजिन यांच्या जोड्या आलटून पालटून ठेवल्या असत्या तर अर्धी शक्ती वाचण्याची शक्यता राहते. ब्रिटिशांनी पुढच्या दशकात ती पद्धत हलक्या क्रूझरमध्ये आणली, पण काउंटी वर्गाला ती मिळाली नाही. 9 ऑगस्ट 1942 च्या रात्री सॉलोमन बेटांतल्या साव्हो बेटाजवळ जपानी क्रूझरच्या वीसहून अधिक गोळ्यांनी कॅनबेराला काही मिनिटांत गाठले. कप्तान गेटिंग प्राणघातक जखमी झाले, बॉयलरघरे निकामी झाली आणि आग विझवायला पंपांना जोरच राहिला नाही. सकाळपर्यंत ती तरंगत होती, एका बाजूला कललेली आणि जळत. शेवटी मित्रपक्षाच्या पाणतीरानेच तिला बुडवावे लागले. 84 जण गेले. तिच्या बदली ब्रिटनने श्रॉपशायर ऑस्ट्रेलियाला दिली.

याच्या उलट बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. एप्रिल 1940 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर सफोकवर तासन्‌तास हवाई हल्ले झाले आणि ती मागचा डेक पाण्याखाली गेलेल्या अवस्थेत स्कापा फ्लो या ब्रिटिश नाविक तळाला परतली. जानेवारी 1945 मध्ये फिलिपिन्समधल्या लिंगायेनच्या आखातात ऑस्ट्रेलिया या क्रूझरवर पाच जपानी आत्मघाती विमाने आदळली आणि तरीही ती आपल्या यंत्रांवर बाहेर पडली. 1943 च्या नाताळानंतरच्या दिवशी नॉर्वेच्या उत्तर टोकाला नॉर्थ केपजवळ नॉरफोकच्या गोळ्याने शार्नहोर्स्ट या जर्मन युद्धनौकेचे रडार उडाले आणि ते जहाज अर्धे आंधळे झाले. मात्र नॉरफोकच्या तोफांची दारू उडताना चकाकणारी होती, त्यामुळे अंधारात शत्रूला तीच नेमकी दिसली आणि तिलाही फटके बसले.

युद्धानंतर लंडन 1949 मध्ये यांगत्से नदीत चिनी तोफखान्याच्या तडाख्यात सापडली आणि पुढच्याच वर्षी भंगारात गेली. डेव्हनशायर शिकाऊ अधिकाऱ्यांना घेऊन आणखी काही वर्षे फिरली. सगळ्यात शेवटपर्यंत राहिली ती कम्बरलंड, नव्या तोफांच्या आणि उपकरणांच्या चाचण्यांसाठी. 1950 च्या दशकात प्लेट नदीच्या लढाईवर चित्रपट निघाला, तेव्हा तिने त्यात स्वतःचीच भूमिका केली आणि आपल्या दिल्लीने अकिलीसची. पण कम्बरलंडच्या मूळ 8 इंची तोफा तोवर उतरवलेल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर दिसते ती तिची उंच कड आणि तीन धुरांडी. 1959 मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला तिची तोडणी झाली.